दक्षिणेच्या वाटेवरचे मुक्काम

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी किंवा पुणे येथील व्यापारी कुटुंबांना श्रवणबेळगोळची यात्रा नवी नाही. नवी नाही म्हणूनच ती अलीकडे घाईची झाली आहे. शनिवारी रात्री दुकानाचा हिशेब आटोपून गाडी काढायची, रात्रभर महामार्ग तुडवायचा, पहाटे विंध्यगिरी चढायची, दुपारी परत फिरायचे आणि सोमवारी सकाळी गादीवर हजर व्हायचे. कोल्हापूरपासून हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. चौपदरी रस्ता आणि नवी गाडी असली की ते एका दमात कापता येते, यात शंका नाही. परंतु त्या दमाची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. गाडी चालवणारा मुलगा दोन रात्री जागा असतो. मागे बसलेल्या आजींचे पाय सुजतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन कोठल्या तरी पेट्रोल पंपाच्या आवारात, डब्यातल्या थंड दशम्यांवर उरकते. आणि वाटेतला सगळा मुलूख अंधारात निघून जातो.

प्रवासात पेट्रोल, टोल आणि खोलीभाडे यांचा खर्च सर्वांना दिसतो, वाया गेलेला दिवस मात्र कोठल्याही वहीत लिहिला जात नाही. दक्षिणेची वाट आखताना किलोमीटर आधी न मोजता उजेडाचे तास आधी मोजावेत, हे सूत्र धरले की सारा आराखडा बदलतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, दिवाळीची धांदलही ओसरलेली असते. त्या सुमारास कर्नाटकाच्या या पट्ट्यात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घराने पाचला मुक्कामी पोहोचून साडेपाचपर्यंत जेवण आटोपायचे ठरवले, तर दिवसाला दीडशे ते अडीचशे किलोमीटरच प्रवास पदरी पडतो. वरकरणी हा तोटा वाटतो. प्रत्यक्षात याच मर्यादेमुळे मोठ्या शहरांऐवजी लहान गावे मुक्कामाला येतात, आणि या वाटेचे खरे वैभव लहान गावांतच आहे.

पहिले दोन दिवस : बेळगाव, गदग, लक्कुंडी

पुण्याकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्री कुंभोज-बाहुबली येथे उतरावे. तेथील २८ फुटी संगमरवरी बाहुबलींचे सकाळी दर्शन घेतले की यात्रेचा आरंभ उत्तम होतो. कोल्हापूरहून सकाळी सहाला निघाल्यास निपाणीमार्गे बेळगाव दोन-अडीच तासांत येते. महामार्ग गावाला वळसा घालून जातो, म्हणून बहुतेक गाड्या बेळगाव टाळतात. मात्र किल्ल्यातील कमल बसदीसाठी तास-दीड तास काढणे योग्य ठरते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये ती उभारली. मंडपाच्या छतातून खाली उमललेले पाषाणी कमळ पाहताना लहान मुलेही गप्प होतात.

धारवाड, हुबळी ओलांडून पूर्वेला वळले की सुमारे साठ किलोमीटरवर गदग येते. पहिला मुक्काम तेथे करावा आणि दुसऱ्या सकाळी बारा किलोमीटरवरील लक्कुंडी पाहावे. आज हे एक साधे खेडे आहे, परंतु गल्लीगल्लीत मंदिरे आणि पायऱ्यांच्या विहिरी आहेत. येथील ब्रह्म जिनालय अकराव्या शतकाच्या आरंभी दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने बांधविले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने लेखकांकडून करवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ टिकवायचा तर त्याच्या प्रती करवाव्या लागत आणि त्यासाठी द्रव्य लागे. अत्तिमब्बेची ही गोष्ट मुलांना येथेच सांगून ठेवावी, पुढे मूडबिद्रीला तिची आठवण होणार आहे.

तिसरा दिवस : शिरसी आणि बनवासी

गदगहून लक्ष्मेश्वर, हावेरीमार्गे शिरसीकडे जाताना काळी जमीन मागे पडते आणि मलनाडचे जंगल सुरू होते. मसाल्याच्या व्यापारात असलेल्यांनी हावेरीजवळचे ब्याडगी चुकवू नये. आपल्या पेढ्यांवर ज्या गर्द लाल, सुरकुतलेल्या, बेताच्या तिखट मिरचीचे भाव रोज विचारले जातात, तिचे नाव या गावावरून पडले आहे.

शिरसीला दोन रात्री राहावे. सुपारी, मिरी आणि वेलदोडे यांची ही जुनी बाजारपेठ. सुपारीची प्रतवारी आणि लिलाव पाहणे हा व्यापारी घरातील तरुणांसाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा धडा आहे. शिरसीहून सुमारे तेवीस किलोमीटरवर वरदा नदीच्या काठी बनवासी आहे. ही कदंबांची राजधानी. ९४१ मध्ये आदिपुराण रचणाऱ्या पंप या जैन महाकवीचे या भूमीवर असे प्रेम होते की कन्नड माणूस आजही बनवासीचे नाव पंपासह घेतो. दुपारी सोंदा येथील स्वादी जैन मठ पाहून संध्याकाळच्या आत परतता येते. या दिवशी गाडी जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर चालते. चालकाला विश्रांती आणि ज्येष्ठांना दुपारची झोप मिळावी यासाठी असा एक दिवस प्रत्येक लांब प्रवासात मुद्दाम राखून ठेवावा.

चौथा आणि पाचवा दिवस : जोग ते आगुंबे

शिरसीहून सिद्धापूरमार्गे साठेक किलोमीटरवर जोग. शरावती येथे २५३ मीटर खाली झेपावते. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चार धारा भर पावसाळ्यात एकमेकींत मिसळतात. कार्तिकानंतर पाणी ओसरते, धारा मात्र वेगवेगळ्या ओळखू येतात. पुढे सागर गावी चंदन व लाकडावर कोरीव काम करणाऱ्या गुडिगार कारागिरांची परंपरा आहे, आणि तेथून जवळच इक्केरीचे अघोरेश्वर मंदिर आहे. मुक्काम हुमचा येथे करावा. पद्मावती मातेचे हे क्षेत्र डोंगर आणि तळ्यांच्या कुशीत आहे. यात्रेकरूंच्या निवास-भोजनाची सोय क्षेत्रावर होते, तथापि येण्याची वेळ आणि माणसांची संख्या आधी दूरध्वनीवरून कळवावी. स्वयंपाकघराचे काम सूर्यावर चालत असेल तर सायंकाळी साडेपाचला दहा माणसे न कळवता दारात उभी राहणे हा पाहुणचाराचा गैरफायदा ठरतो.

पाचव्या दिवशी तीर्थहळ्ळीवरून आगुंबे गाठावे. वाटेत थोडे वळून कुप्पळ्ळी येथे कवी कुवेंपु यांचे लाकडी खांबांचे जुने घर पाहता येते. आगुंब्याला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दूरदर्शनवरील ‘मालगुडी डेज’ या मालिकेचे चित्रीकरण याच गावात झाल्याने साठीच्या पुढच्या पिढीला ते ओळखीचे वाटते. आगुंब्याचा सूर्यास्त प्रसिद्ध आहे, हवा स्वच्छ असेल तर अरबी समुद्रापर्यंत नजर जाते. परंतु सूर्यास्त पाहिला की पुढचा घाट अंधारात उतरावा लागतो, आणि त्या घाटात चौदा नागमोडी वळणे आहेत. येथे हिशेब स्पष्ट असावा : एक तर आगुंबे-तीर्थहळ्ळी परिसरातच राहावे, पाचला जेवून सूर्यास्त पाहावा आणि घाट सकाळी उतरावा, नाही तर सूर्यास्ताचा मोह सोडून दुपारी तीनच्या आत घाट उतरून कारकळ गाठावे. दोन्ही साधण्याच्या नादात रात्री घाटात गाडी घालू नये.

सहावा दिवस : कारकळ आणि मूडबिद्री

कारकळला १४३२ मध्ये स्थापन झालेली सुमारे ४२ फुटी बाहुबलींची मूर्ती उघड्या खडकाळ टेकडीवर आहे. समोरच १५८६ ची चतुर्मुख बसदी चारी दिशांना सारखीच दिसते. तेथून वीसेक किलोमीटरवर मूडबिद्री. गावात अठरा बसद्या असून १४३० मधील हजार खांबांची त्रिभुवनतिलक चूडामणी बसदी त्यांत प्रमुख आहे. उतरती दुहेरी छपरे आणि नक्षीदार खांब पाहून बहुतेक यात्री तासाभरात पुढे निघतात. मूडबिद्रीचे महत्त्व मात्र दगडाइतकेच ताडपत्रांतही आहे.

धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके या गावातील बसदीत जपली गेली. त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेच्या निमित्ताने येथे आले. त्यांनी हात जोडून दर्शन घेतले, आणि या ताडपत्रांची अवस्था काय आहे, ती वाचणारा कोणी आहे काय, याचीही चौकशी केली. परतल्यावर त्यांनी हा विषय सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्याकडे काढला. हिराचंद स्वतः मूडबिद्रीला आले, जाणकार शास्त्री शोधले गेले, निधी जमला आणि प्रती करण्याचे काम सुरू झाले. ते वर्षानुवर्षे चालले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. लक्कुंडीच्या अत्तिमब्बेने जे केले, तेच जवळजवळ नऊ शतकांनंतर मुंबई-सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी केले.

या दोघांपैकी कोणीही पंडित नव्हते. ते यात्रेला निघालेले गृहस्थ होते, आणि दर्शनानंतर लगेच गाडी जोडून निघून गेले नाहीत, एवढाच काय तो फरक. मूडबिद्रीला म्हणूनच पूर्ण अर्धा दिवस द्यावा. आजही लहान क्षेत्रांवरील पुजारी आणि व्यवस्थापक यांच्याजवळ दहा मिनिटे बसले, तर छप्पर कोठे गळते आणि कोणती पोथी वाळवी खाते आहे, हे कळते. भांडारात टाकलेल्या नोटेइतकीच अशा चौकशीचीही त्या गावांना गरज असते.

शेवटचे दोन दिवस : धर्मस्थळ ते श्रवणबेळगोळ

मूडबिद्रीहून वीसेक किलोमीटरवर वेणूर. १६०४ मधील ३५ फुटी बाहुबली येथे फल्गुनी नदीच्या शांत काठाजवळ उभे आहेत. तेथून धर्मस्थळ तासाभराच्या वाटेवर आहे. तेथील ३९ फुटी मूर्ती विसाव्या शतकातील असून ती कारकळला घडवून येथे आणली गेली. मुक्काम धर्मस्थळी करावा.

सातव्या दिवशी सकाळी चारमाडी घाट चढून मुडिगेरेमार्गे बेलूर आणि हळेबीडू गाठावे. होयसळांची ही मंदिरे २०२३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हळेबीडूच्या मुख्य मंदिरापाशी गर्दी असते, परंतु थोड्याच अंतरावरील बस्तीहळ्ळीत पार्श्वनाथ बसदीचे आरशासारखे गुळगुळीत खांब पाहायला फारसे कोणी जात नाही. मुक्काम हासनला. आठव्या सकाळी पन्नासेक किलोमीटर गेले की श्रवणबेळगोळ येते. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असल्याने दगड तापण्यापूर्वी आरंभ करावा. ज्येष्ठांसाठी डोलीची सोय असते.

तयारीची वही

आहाराची बाजू आधी पक्की करावी. उपाहारगृहात शिरताच ‘ईरुळ्ळी, बेळ्ळुळ्ळी बेड’ म्हणजे ‘कांदा, लसूण नको’ एवढे कन्नड पुरते. बटाट्याला तेथे ‘आलूगड्डे’ म्हणतात. मसाला दोशात तो असतो, म्हणून साधा दोसा मागवावा. किनारपट्टीत मिळणारा नीर दोसा पातळ तांदळाच्या पिठाचा असून ते पीठ आंबवलेले नसते, त्यामुळे आंबवलेले न खाणाऱ्यांनाही तो चालतो. उकळलेले पाणी रोज सकाळी मुक्कामावरच भरून घ्यावे.

फास्टॅगमध्ये शिल्लक, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र निघण्यापूर्वी तपासावे. घाटात मोबाइलची रेंज तुटते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि मुक्कामांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. अनेक बसद्या दुपारी बंद असतात, म्हणून दर्शन सकाळी आणि गाडी चालवणे दुपारी, असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात आगुंबे आणि चारमाडी हे दोन्ही घाट टाळलेलेच बरे.

सारा प्रवास हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. परतताना अरसिकेरे, चित्रदुर्गमार्गे महामार्ग धरून एका मुक्कामात घर गाठता येते. आठ-नऊ दिवस दुकान कोणावर सोपवायचे, हा प्रश्न खरा आहे. पण ज्या पेढीचा मालक आठ दिवस बाहेर राहू शकत नाही, तिने तिची घडी एकदा तपासून पाहिलेली बरी. दोन भाऊ असतील तर एकाने यंदा जावे, दुसऱ्याने पुढच्या वर्षी. आई-वडिलांना मात्र यंदाच न्यावे.

विंध्यगिरीवर ५७ फुटी बाहुबलींच्या पायांशी कोरलेल्या लेखांत एक मराठी लेखही आहे. तो मराठीच्या आरंभकाळातील शिलालेखांत गणला जातो. दर्शनाच्या गर्दीत त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरून इतक्या दूर आलेल्या मराठी कुटुंबाने तेथे दोन मिनिटे थांबावे आणि नातवंडांना ती अक्षरे दाखवावीत.