लेखांक सहावा : निखळलेला बोल्ट पुन्हा बसवताना

काँक्रीटमधील अँकर बोल्ट सैल पडला की त्याच भोकात जरा जाड बोल्ट ठोकून वेळ मारून नेली जाते. परंतु तो का निखळला याचा उलगडा झाल्याशिवाय केलेली दुरुस्ती क्वचितच टिकते. ताणाखाली पोलाद तुटते, बोल्ट भोकातून सरकत बाहेर येतो, किंवा भोवतालचे काँक्रीट शंकूच्या आकारात उचकटून निघते. यांपैकी शंकू निघाला असेल, तर बोल्टची खोली अपुरी होती किंवा तो कडेच्या फार जवळ होता असे मानावे लागते, आणि अशा जागी अधिक भारी पोलाद आणून काहीच साधत नाही. नवे भोक सोडून दिलेल्या भोकाच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर पाडावे असा सर्वसाधारण नियम आहे. जुने भोक न आकसणाऱ्या, उच्च ताकदीच्या ग्राउटने भरून घेतल्यास त्याहून कमी अंतरही चालते.

पुनर्बसवणीसाठी हल्ली बहुधा केमिकल अँकर वापरतात, म्हणजे भोकात इपॉक्सीसारखे रेझिन भरून त्यात आट्यांची सळई बसवतात. त्याची सारी ताकद भोकाच्या भिंतीशी होणाऱ्या चिकटीवर अवलंबून असल्याने भोक फुंकून, तारेच्या ब्रशने घासून पुन्हा फुंकावे लागते, नाहीतर रेझिन काँक्रीटऐवजी धुळीलाच चिकटते. ब्रश आत शिरताना अडखळला पाहिजे. तो सहज शिरला तर झिजलेला आहे असे समजून बदलावा. रेझिन तळापासून भरत यावे आणि सळई फिरवत आत घालताना ते तोंडाशी थोडे बाहेर आले पाहिजे. कामाच्या घाईत साफसफाईलाच सर्वप्रथम फाटा मिळतो, कारण सळई बसल्यावर आतली धूळ कोणालाच दिसत नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘बिग डिग’ या महामार्ग प्रकल्पाचे काम चालू असताना, 1999 मध्ये, एका बोगद्यातील छताचे काही अँकर इपॉक्सीतून खाली सरकलेले आढळले. ते पुन्हा बसवून अधिक भाराने ओढून तपासले गेले आणि चाचणीत उतरलेही. सरकण्याचे कारण मात्र सापडले नाही. 10 जुलै 2006 रोजी याच प्रकल्पातील दुसऱ्या बोगद्यात छताच्या काँक्रीट लाद्या मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. चौकशीत दोष विसर्पणाचा निघाला. सतत टांगलेल्या भाराखाली पदार्थ हळूहळू, न थांबता ताणला जाणे म्हणजे विसर्पण. तेथे वापरलेले शीघ्र घट्ट होणारे इपॉक्सी या बाबतीत कमकुवत होते, आणि काही मिनिटांच्या ओढचाचणीत हा दोष उघड होणे शक्यच नव्हते. अशा चाचणीचा दाखला पाहून निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे ठरते. पुढे अमेरिकी काँक्रीट संहितेच्या 2011 च्या आवृत्तीत चिकट अँकरचा समावेश झाला, तेव्हा सततच्या ताणासाठी त्यांची ताकद 55 टक्केच धरावी आणि छतातील असे अँकर प्रमाणित कारागिरानेच बसवावेत, असे बंधन घालण्यात आले.