परक्याचा अर्ज : निवासाचा हक्क सरकार कसा ठरवते?

‘निर्वासित’ हा शब्द आपल्या कानांवर बहुधा अनेकवचनातच पडतो. तिबेटी निर्वासित आले, चकमा निर्वासित आले, छावण्या उभ्या राहिल्या, असे आपण वाचतो. मात्र सरकारी कचेरीच्या टेबलावर समाज येत नाही. तेथे एक माणूस येतो, त्याचा एक अर्ज येतो आणि त्या अर्जाची एक फाईल होते. त्या माणसाला या देशात राहता येईल की नाही, हे त्या फाईलीवर ठरते. हे ठरवण्याची रीत काय, अधिकार कोणाचा आणि अर्जदाराच्या हाती काय असते, याची माहिती आपल्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना असावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आश्रयासाठी भारतात आलेल्यांमध्ये तिबेटी व चकमा हे बौद्ध आहेत, आणि चकमांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला निकाल हा या विषयाचा उत्तम पाठ आहे.

जगात रूढ असलेली पद्धत

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणामुळे मायदेशी आपला छळ होईल अशी साधार भीती ज्यास वाटते, आणि जो त्यामुळे देशाबाहेर आहे, तो निर्वासित, अशी त्याची व्याख्या आहे. आरंभी हा करार १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली. गरिबी, बेकारी किंवा पूर ही कारणे या व्याख्येत नाहीत. त्यामुळे अत्यंत हालात असलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने निर्वासित ठरेलच असे नाही.

हा करार पाळणाऱ्या देशांत साधारणपणे पुढील क्रम असतो. प्रथम अर्जाची नोंद होते. मग अर्जदाराची मुलाखत होते आणि भाषा येत नसेल तर दुभाषी दिला जातो. अधिकारी तीन गोष्टी पाहतो : हा माणूस खरोखर त्या गावचा, त्या समाजाचा आहे काय, त्याची हकीकत आरंभापासून शेवटपर्यंत जुळते काय, आणि त्याच्या देशातील परिस्थितीविषयी उपलब्ध असलेल्या माहितीशी ती मिळते काय. त्यानंतर निर्णय होतो आणि तो विरुद्ध गेल्यास अपील करता येते.

येथे पुराव्याची अडचण मोठी असते. जीव मुठीत धरून पळालेला माणूस सातबारा आणि शाळेचा दाखला बरोबर घेऊन निघत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९ साली अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत असे सांगितले आहे की, पुरावा देण्याची जबाबदारी मुळात अर्जदाराची असली तरी सत्य शोधण्याचे काम अर्जदार व अधिकारी या दोघांचे आहे. आणि हकीकत विश्वसनीय असेल तर संशयाचा फायदा अर्जदारास द्यावा.

विनयातील एक रीत

अर्जदारास एकट्याने उभे करून प्रश्न विचारणे ही रीत बौद्धांना नवी नाही. विनयपिटकातील महावग्गात उपसंपदेचा विधी सांगितला आहे. संघात प्रवेश मागणाऱ्यास ठरलेले प्रश्न विचारले जात : अमुक रोग आहेत काय, तू स्वतंत्र आहेस काय, ऋणमुक्त आहेस काय, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची अनुमती आहे काय, वीस वर्षे पूर्ण झाली आहेत काय. पुढे असे आढळून आले की, नवखे उमेदवार भर संघात बावरतात आणि त्यांना उत्तरे देता येत नाहीत. तेव्हा भगवंतांनी अनुज्ञा दिली की, उमेदवारास आधी बाजूला नेऊन प्रश्न समजावून द्यावेत आणि मग संघासमोर विचारावेत. संघातील तंटे मिटवतानाही निर्णय संबंधितांच्या समक्ष व्हावा, असा विनयाचा नियम आहे.

संघाने प्रवेशाला अटी घातल्या, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. दार सर्वांना सरसकट मोकळे नव्हते. परंतु प्रश्न आधी ठरलेले होते, सर्वांना सारखे होते, विचारण्यापूर्वी समजावलेले होते आणि उत्तर देणारा समोर हजर होता. नकारही या रीतीने आला तर तो अन्याय ठरत नाही. आजच्या कोणत्याही सरकारी पद्धतीची परीक्षा याच चार गोष्टींवर करता येईल.

भारतातील स्थिती

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या लेखी माणूस एक तर नागरिक असतो, नाहीतर परकीय. १९४६ चा परकीय नागरिक कायदा दीर्घकाळ चालला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ याने घेतली आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचे ओझे जुन्या कायद्यात त्या व्यक्तीवरच होते आणि नव्या कायद्यातही ते तिच्यावरच आहे.

१९५९ पासून आलेल्या तिबेटी लोकांना केंद्र सरकारने आपल्या धोरणाने आश्रय दिला. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र मिळते आणि ते मुदतीनंतर नवे करून घ्यावे लागते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे तिबेटी वसाहत आहे. तेथील अनेक कुटुंबांचे कायदेशीर वास्तव्य या प्रमाणपत्राच्या आधाराने चालते. अफगाणिस्तान, म्यानमार इत्यादी देशांतून आलेल्यांचे अर्ज दिल्ली येथील संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्यालय तपासते.

मग परकीयाला संविधानाचा आधार काय? बोलण्याचे, फिरण्याचे, देशात कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देणारे १९ वे कलम नागरिकांसाठी आहे. परंतु समानतेचे १४ वे आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे २१ वे कलम यांत ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. एका शब्दाचा हा फरक हजारो माणसांच्या घरादाराचा प्रश्न होऊ शकतो.

या आधारालाही मर्यादा आहे. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्यास सरकारने १९८७ साली देश सोडण्यास सांगितले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. कायमचे येथेच राहण्याचा आपला निश्चय संविधान अमलात येताना होता, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. आणि २१ व्या कलमाचे संरक्षण असले तरी त्यातून स्थायिक होण्याचा हक्क निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास वर्षांचे वास्तव्य पुरेसे ठरले नाही.

याउलट, कधी जन्माची एक तारीख पुरेशी ठरते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, जन्माने भारतीय नागरिक आहे. आईवडील कोण याची चौकशी तेथे नाही. १९८६ साली कांगडा येथे जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारण्यात आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली निकाल दिला की, ती जन्मानेच भारतीय आहे. त्या निकालाचा पाया जन्माची तारीख व ठिकाण हाच होता.

चकमांचा लढा

चकमा हे थेरवादी बौद्ध. त्यांचे मूळ स्थान चितगावचा डोंगराळ प्रदेश. कर्णफुली नदीवर पाकिस्तान सरकारने बांधलेले कापताई धरण १९६२ च्या सुमारास पूर्ण झाले आणि सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. जवळजवळ एक लाख माणसे विस्थापित झाली. १९६४ पासून त्यांच्यापैकी अनेकजण आसामात आले. तेथे सर्वांची सोय होईना, म्हणून काहींना तत्कालीन ‘नेफा’त, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसवण्यात आले. भारत सरकारने दर कुटुंबामागे ४,२०० रुपये पुनर्वसन साहाय्य मंजूर केले. म्हणजे ही माणसे चोरून आलेली नव्हती. सरकारनेच त्यांना जमीन दाखवली होती.

स्थानिक आदिवासींची बाजूही समजून घेतली पाहिजे. तेथे १८७३ च्या नियमानुसार बाहेरच्यास परवान्याशिवाय प्रवेश नाही. आपली जमीन व संख्या यांवर आक्रमण होईल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही; आमच्या संमतीशिवाय वसवणूक झाली, असे ते म्हणतात. या वादातून १९९४ साली विद्यार्थी संघटनेने चकमांना ३० सप्टेंबरपर्यंत राज्य सोडण्याच्या नोटिसा दिल्या.

त्यापूर्वी १९९३ साली चकमा एक खटला हरले होते. आसाम करारानंतर नागरिकत्व कायद्यात घातलेल्या विशेष कलमाचा लाभ त्यांनी मागितला होता. परंतु ते कलम आसामात सतत राहिलेल्यांसाठी आहे आणि तुम्ही नेफात राहिलात, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा उरला तो नोंदणीने नागरिकत्व मिळवण्याचा, कलम ५ चा मार्ग. या मार्गाने प्रत्येकास वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज उपायुक्ताकडे द्यायचा, त्याने चौकशी करून अहवालासह पुढे पाठवायचा आणि निर्णय केंद्राने घ्यायचा, असा नियम होता. प्रत्यक्षात अर्ज पुढे जातच नव्हते. केंद्रापर्यंत न पोहोचलेल्या अर्जावर केंद्र काय ठरवणार?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश अहमदी व न्यायमूर्ती सेन यांनी ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. राज्यातील प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण राज्य सरकारने करावे. कायद्याच्या मार्गाखेरीज कोणासही घरातून काढू नये. आलेले अर्ज नोंदवहीत घेऊन केंद्राकडे पाठवावेत. परत केलेले अर्ज पुन्हा मागवावेत. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत नागरिक नाही या कारणावरून कोणासही हुसकावू नये, असे आदेश झाले.

‘यांना नागरिकत्व द्या’ असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. मंजुरी वा नामंजुरीचा अधिकार केंद्राचा आहे, आणि त्याची कारणे देण्याचे बंधनही नागरिकत्व कायद्याच्या १४ व्या कलमाने केंद्रावर ठेवलेले नाही. न्यायालयाने दिले ते एवढेच : अर्ज वाचला जाण्याचा हक्क, आणि वाचला जाईपर्यंत घरात राहण्याचा हक्क. वरवर हे थोडे वाटते. ज्याच्या दारात हद्दपारीची नोटीस पडली आहे, त्याला विचारले म्हणजे त्याचे मोल कळते.

पुढे २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या चकमांना जन्माधारे मतदारयादीत येण्याची वाट मिळाली. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्र चकमांचे नागरिकत्व तीन महिन्यांत मार्गी लावण्याचा आदेश दिला. तरीही त्या मुदतीत प्रश्न सुटला नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे. पण प्रवेश-परवाना लागणारे प्रदेश त्या तरतुदीतून वगळले आहेत आणि अरुणाचल त्यांतच येतो. कायद्यात आपल्या धर्माचे नाव आले म्हणून आपल्या माणसाची फाईल आपोआप हलत नाही, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

आपण काय करावे?

परमपूज्य बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे मांडली. मसुदा समितीला सर्वाधिक डोकेदुखी देणाऱ्या कलमांत त्यांनी त्यांची गणना केली होती. फाळणीच्या धामधुमीत कोण आपला व कोण परका हे ठरवताना त्यांना अडचणीची कल्पना होती. तरीही जीविताच्या हक्काचे कलम नागरिकांपुरते आखले गेले नाही.

त्या कलमाचा उपयोग करायचा तर कागद लागतो. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : जन्माची नोंद वेळेत करून घेण्याची सवय आपल्या वस्तीत लावा. कोणताही अर्ज दिल्यावर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. प्रत्येक कागदावर नावाचे स्पेलिंग एकच ठेवा. निर्णय विरुद्ध गेला तर त्याची प्रत मागा. नागरिकत्व कायद्यात फेरविचारासाठी फक्त ३० दिवस मिळतात. कायदा शिकणाऱ्यांनी सुटीत एखाद्या तिबेटी किंवा चकमा कुटुंबाचे कागद लावून द्यावेत, त्यांचा अर्ज भरून द्यावा, मुलाखतीचे प्रश्न आधी समजावून सांगावेत. संघात बावरलेल्या उमेदवारास बाजूला नेऊन धीर देणाऱ्या भिक्खूचे काम तेच होते.

सभेत ठराव करून सहानुभूती व्यक्त करणे सोपे आहे आणि तेही करावे. परंतु ज्याची फाईल तीस वर्षे एका कपाटात पडून आहे, त्याला ठरावापेक्षा त्या फाईलीचा जावक क्रमांक अधिक हवा आहे. तो मिळवून देणे हीच त्याच्याशी खरी मैत्री होय.

जय भीम!