रुमालांतील कागद आणि यंत्राचा डोळा

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील एखादा रुमाल ज्यांनी सोडून पाहिला आहे, त्यांस त्या कागदांची अवस्था सांगावयास नको. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. बाकीचें अफाट लेखन मोडींतच राहिलें. असे कागद हल्लीं स्कॅन करून, म्हणजे बिंदुबिंदूंची प्रतिमा घेऊन, डिजिटल फाइलींत सांठवितात. हें काम झेरॉक्स काढण्याइतकें सोपें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे.

आरंभीं यंत्राला हातही लागत नाहीं. कागद कोणत्या क्रमानें होते हें प्रथम टिपावें लागतें. मग टांचण्या काढावयाच्या, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावयाची, घड्या हलक्या हातानें उलगडावयाच्या. कचेरींतील यंत्र कागद ओढून घेतें. जीर्ण कागद त्यांत घालणें म्हणजे तो फाडण्यास देणेंच होय. म्हणून कॅमेरा वर बसविलेलें यंत्र वापरतात. बांधीव वही कांचेवर दाबली तर शिवण तुटते. तिला अर्धवट उघडून पाळण्यांत निजवितात.

आतां थोडा हिशेब. ए-फोर आकाराच्या पानावर इंचास ३०० बिंदु धरले, तर रुंदींत २४८० व लांबींत ३५०८, म्हणजे सुमारें ८७ लक्ष बिंदु होतात. रंगीत प्रतिमेंत प्रत्येकास ३ बाइट. एका पानास २ कोटि ६१ लक्ष. अक्षर बारीक असेल तर इंचास ६०० बिंदु घेतात आणि हा आंकडा चौपट होतो. जागा वांचविण्यासाठीं जेपेग पद्धति आहे, परंतु ती कांहीं तपशील कायमचा टाकून देते. सबब मूळ प्रतिमा टिफ स्वरूपांत जशीच्या तशी राखावी, आणि वाचकांस जेपेग द्यावी.

माझ्या मतें खरी परीक्षा कागदाच्या पाठीची. ती कोरी भासली म्हणून घाईंत सोडून देण्याचा मोह होतो. पत्र पोंचल्याची मिति, जिला पैवस्ती म्हणत, ती पुष्कळदां तेथेंच असते. लांब पत्रांत कागदाचे बंद एकमेकांस चिकटविलेले असून कित्येकदां सांध्यावर मागून शिक्का असतो. तो प्रतिमेंत आला नाहीं, तर मधला बंद मागाहून बदलला किंवा कसें, हें ताडण्याचें एक साधन प्रतिमा पाहणाऱ्याच्या हातून गेलें. उद्यां कोणी वतनाच्या दाव्यासाठीं केवळ फाइल पुढें केली, तर त्याचें काय व्हावें?

छापील मजकूर यंत्र बऱ्यापैकीं वाचतें. मोडींत लेखणी न उचलतां अक्षरें जोडलेली, शब्दांमध्यें अंतर नाहीं. त्यामुळें विषय, मिति व नांवें नोंदविण्यास मोडी जाणणारा माणूसच लागतो. ही नोंद नसेल तर लाखों फाइलींत हवें तें पत्र सांपडावयाचें नाहीं. प्रती निदान तीन, आणि एक दुसऱ्या गांवीं.

शेवटीं कोणी तरी बसून प्रत्येक प्रतिमा मूळ कागदाशीं ताडून पाहतो, मोजदाद जुळली म्हणजे कागद पूर्वीच्याच क्रमानें रुमालांत बांधतात, आणि रुमाल फळीवर परत जातो.