थंड हवेतली ऊब घरात

नॉर्वेत 1 जानेवारी 2020 पासून इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यावर बंदी आली. तळघरातल्या जुन्या भट्ट्या आणि तेलाच्या टाक्या निघाल्या; अनेक घरांत त्यांची जागा हीट पंपाने घेतली.

बाहेर उणे दहा अंश असताना हवेतून ऊब मिळते तरी कशी? इतक्या गार हवेतही उष्णता असतेच, फक्त ती शोषणारा द्रव त्या हवेहून थंड असावा लागतो. काही पंपांत त्यासाठी प्रोपेन असतो. साध्या दाबाला तो उणे 42 अंशांवरच उकळतो. बाहेरची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबाने ती तापते आणि घरात उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. आपला फ्रिजही याच तंत्रावर चालतो. वीज खर्च होते ती उष्णता वाहून आणण्यात, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत हा आकडा उतरतो. बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो, मग यंत्र काही मिनिटे उलटे चालून तो वितळवते.

कल्पना जुनीच. झुरिकच्या नगरभवनात 1938 मध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला होता.

मात्र भट्टी काढली, पंप लावला, की काम झाले, असे मुळीच नाही. जुने रेडिएटर 70 अंशांच्या आसपासच्या पाण्यावर बेतलेले असतात. पंप 35 ते 50 अंशांवर काटकसरीने चालतो. म्हणून आधी खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, माळ्यावर उष्णतारोधक थर द्यावा आणि मगच पंपाची क्षमता ठरवावी. काही खोल्यांत रेडिएटरही मोठे घ्यावे लागतात. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेल्या घरांत हा बदल त्यामानाने सोपा जातो.