एक इंच थर्माकोलमागचे संशोधन

आपल्या समाजातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने इंजिनिअरिंगकडे वळत आहेत. डिप्लोमा, पदवी आणि मग नोकरी हा मार्ग आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. परंतु एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला पुढे संशोधन करायचे आहे’ असे म्हटले, की घरातील वडीलधारी मंडळी विचारात पडतात. ‘संशोधन करून काय मिळणार? त्याचा कोणाला उपयोग?’ असा प्रश्न येतो. ज्या घरात पहिलाच पगार यायचा असतो, त्या घराने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर मात्र मिळाले पाहिजे. ते देण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात एक अगदी साधी वस्तू निवडली आहे. ही वस्तू अनेकांच्या गाडीच्या आरशाला अडकवलेली असते आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढते. ती म्हणजे हेल्मेट.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रांशी आमचा संबंध बँकेतील नोटा मोजण्याच्या मशीनपुरता. त्यामुळे या लेखात भागाकारापलीकडचे गणित वाचकांना आढळणार नाही.

प्रश्न बदलला तेथून सुरुवात झाली

रस्त्यावर अपघात झाला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘चूक कोणाची?’ दुसरे वाक्य ठरलेले असते, ‘त्याची वेळच आली होती.’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाला हवे असते. दुसऱ्या वाक्याने मनाचे थोडे समाधान होते. पण या दोहोंमुळे पुढचा माणूस वाचत नाही. संशोधकांनी तिसराच प्रश्न विचारला : डोके कशावर आदळले, किती वेगाने आदळले आणि थांबायला त्याला किती जागा मिळाली?

मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. सायकलवरील दोन मुलांना वाचविताना त्यांचा तोल गेला. डोक्याला जबर मार लागून सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसलेले लोक रस्त्यावर मरण पावले होते. अपघातात सापडलेले, पण हेल्मेट घातलेले असे स्वार त्यांना सातच आढळले, आणि ते सातही जण वाचले होते. सात हा आकडा लहान आहे, त्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु शोध घेण्याची दिशा त्यातून मिळाली. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वार सैनिकांना हेल्मेट सक्तीचे केले.

केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये होलबोर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू तयार केला आणि धक्का दिल्यावर त्याच्या आत काय होते हे पाहिले. १९४३ साली त्यांनी दाखविले, की मेंदू दाबला जाण्यापेक्षा पिळला गेल्याने अधिक फाटतो. डोके गर्रकन फिरले की कवटी फिरते आणि आतला मऊ मेंदू मागे राहतो. कवटी शाबूत असूनही माणूस बेशुद्ध का पडतो, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

कवटी किती सोसते?

हेल्मेट बनवायचे तर डोके किती मार सोसू शकते, हे आधी कळले पाहिजे. हे जिवंत माणसावर तपासता येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात, आज वेन स्टेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात, १९३९ साली एक अभियंता आणि एक मेंदूशल्यविशारद एकत्र आले. लिसनर हे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक, तर गुर्जियन हे डॉक्टर. मृत्यूनंतर विज्ञानाच्या हाती आलेल्या देहांवर त्यांनी प्रयोग केले. धक्का एका जागी बसला तरी कवटी दुसरीकडे वाकते व तेथे तडा जाऊ शकतो, हे त्यांनी कवटीवर ठिसूळ रोगणाचा लेप देऊन प्रत्यक्ष दाखविले. किती जोराचा धक्का किती वेळ टिकला तर धोका निर्माण होतो, याचा एक आलेख १९६० मध्ये या विद्यापीठातून पुढे आला. डोक्याच्या सुरक्षेची पुढील अनेक परिमाणे या आलेखाच्या आधारे तयार झाली.

या कामाची किंमत काय, असे कोणी विचारील. त्याच विद्यापीठातील अल्बर्ट किंग या संशोधकाने १९९५ साली अंदाज मांडला, की मृतदेहांवरील संशोधनातून मोटारींमध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांमुळे १९८७ पासून दरवर्षी सुमारे ८,५०० जीव वाचत आले. देहदानाकडे पाहण्याची आपली दृष्टी या एका आकड्याने बदलावी असे आम्हांस वाटते.

साधा भागाकार

आता हेल्मेट नेमके काय करते ते पाहू. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटर उंचीवर असते. गाडी उभी असताना माणूस नुसता आडवा पडला, तरी डोके रस्त्याला लागते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर झालेला असतो. हा वेग शून्यावर यायचा आहे. किती अंतरात येतो, यावर सारे अवलंबून आहे.

हिशेब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. उघडे डोके डांबरावर आपटले की त्वचा व हाड मिळून जेमतेम अर्धा सेंटिमीटर दबतात असे समजू. १६० भागिले अर्धा म्हणजे ३२०. याचा अर्थ डोक्यावर त्याच्या वजनाच्या ३२० पट जोर पडतो. डोके साडेचार किलोचे धरले तर हा जोर सुमारे १,४४० किलो वजनाइतका होतो. आता डोक्यावर हेल्मेट आहे आणि त्याच्या आतला थर दोन सेंटिमीटर चेपला गेला असे धरा. १६० भागिले दोन म्हणजे ८०. जोर ३६० किलोवर आला. थांबण्याचे अंतर चौपट झाले आणि मार एक चतुर्थांश झाला. हा समजण्यापुरता हिशेब आहे. प्रत्यक्षात जोर क्षणाक्षणाला बदलतो. पण तत्त्व हेच.

अनेकांचा समज असा असतो, की हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच डोके वाचवते. कवचाचे काम मार पसरविणे आणि टोकदार वस्तू आत न शिरू देणे हे आहे. मार खातो तो आतला पांढरा थर. हा थर म्हणजे आपला नेहमीचा थर्माकोल, टी.व्ही.च्या खोक्यात येतो तोच, पण अधिक घट्ट दाबलेला. अशा ऊर्जा शोषणाऱ्या थराच्या हेल्मेटचे पेटंट १९५३ साली अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोम्बार्ड आणि रॉथ यांना मिळाले.

येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. थराला रबर किंवा स्पंज का लावीत नाहीत? रबर दबते आणि लगेच उसळी मारते, म्हणजे घेतलेली ऊर्जा डोक्याला परत देते. थर्माकोल मात्र चेपतो आणि चेपलेलाच राहतो. म्हणूनच एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी ते पुन्हा वापरू नये. त्याची शिल्लक संपलेली असते.

रस्त्यावर जाऊन तपासलेले सत्य

प्रयोगशाळेत जे ठरले ते रस्त्यावर खरे ठरते काय? याच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या चमूने लॉस एंजलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला, शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल अभ्यासले. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. हेल्मेटविरुद्ध आपल्याकडे जे आक्षेप घेतले जातात, त्यांची उत्तरे त्यात आहेत.

‘हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही.’ हेल्मेटमुळे अपघात घडल्याचे त्यांना आढळले नाही. ‘वजनाने मान मोडते.’ हेल्मेट घातलेल्यांना मानेच्या दुखापती कमीच झाल्या होत्या. ‘आम्ही हळू चालवतो.’ या अपघातांतील मधला, म्हणजे निम्मे अपघात ज्याच्या खाली येतात असा, आदळण्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत स्वाराला साधारणपणे दोन सेकंदही मिळत नव्हते. एवढ्या वेळात आरशावरचे हेल्मेट डोक्यावर चढत नाही.

पुढे अनेक देशांतील ६१ अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निष्कर्ष काढण्यात आला, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. धोका शंभर टक्के जात नाही, हेही यातून कळते. भरधाव ट्रकखाली हेल्मेट कोणाला वाचवू शकत नाही. पण बहुसंख्य अपघात तसे नसतात.

आपल्या देशातील काम

‘हे सारे परदेशातले, आपल्याकडच्या उन्हात घामाने जीव जातो त्याचे काय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो एका भारतीय संशोधकाने गांभीर्याने घेतला. दिनेश मोहन हे मुंबईच्या आय.आय.टी.तून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९७९ च्या सुमारास दिल्लीच्या आय.आय.टी.त ते परत आले. उष्ण हवामानासाठी सुधारलेल्या, हवा खेळती ठेवणाऱ्या हेल्मेटची रचना मांडणारा निबंध त्यांनी सहकाऱ्यासह १९९३ साली प्रसिद्ध केला. ते केवळ मोटारींपुरते थांबले नाहीत. खेड्यांत कडबा कुट्टीच्या यंत्रात लहान मुलांची बोटे तुटतात, हे पाहून त्या यंत्राचे पाते झाकण्याची व काम नसताना चाक अडकवून ठेवण्याची सोय कशी करता येईल, यावरही त्यांनी व सहकाऱ्यांनी काम केले. मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या घरी कडबा कुट्टी आहे अशा घरातील विद्यार्थ्याला हा विषय पुस्तकाआधीच ठाऊक असतो, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

कायदा मात्र संशोधनामागून सावकाश येतो. केर्न्स यांचा निबंध १९४१ चा. ब्रिटनमध्ये सर्व स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले १९७३ साली, म्हणजे ३२ वर्षांनी. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आले. आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास मनाई झाली १ जून २०२१ पासून. दरम्यान पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती सुरू होताच विरोधात मोर्चाही निघाला. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणारे म्हणजे बहुधा घरातील आई, बहीण, पत्नी किंवा मूल.

आम्ही ज्या टेबलावर बसतो तेथून दुचाकीच्या कर्जाचे अर्ज जातात आणि मयत खातेदारांचे दावेही जातात. पंचविशीच्या मुलाचा मृत्यूचा दाखला घेऊन बाप जेव्हा काउंटरपाशी उभा राहतो, तेव्हा त्याला कोणत्या रकान्यात सही करायची एवढेच आम्ही सांगू शकतो. गाडीसाठी लाखभर रुपयांचे कर्ज काढणारा तरुण फुटपाथवरून दोनशे रुपयांची टोपी हेल्मेट म्हणून घेतो, तेव्हा कर्जाची रक्कम कोणत्या बाजूने चुकली हे त्याला कोणी समजावलेले नसते.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली सर्व सभासदांना. हेल्मेट आय.एस.आय. चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे घ्यावे. हनुवटीखालचा पट्टा न चुकता लावावा, कारण सैल हेल्मेट डोके जमिनीवर पोचण्याआधीच निघून जाते. आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे घ्यावे. दुसरी विनंती ज्यांची मुले संशोधन करू इच्छितात त्या पालकांना. वर सांगितलेल्या कोणीही हेल्मेट विकून संपत्ती मिळवायची म्हणून सुरुवात केली नव्हती. कोणी जिलेटिन हलवून पाहिले, कोणी कवटीवर लेप दिला, कोणी अपघाताच्या जागी उभे राहून मोजमाप घेतले. आपल्या रस्त्यांवर, शेतांत आणि कारखान्यांत असे मोजले न गेलेले पुष्कळ काही आजही पडलेले आहे. ते मोजण्याची इच्छा असलेले मूल आपल्या घरात असेल, तर त्याला दोन-चार वर्षे अधिक शिकू द्यावे.