कॅनडाला परतताय? आधी दिवस मोजा

आईच्या आजारपणासाठी सहा महिने म्हणून भारतात आलात आणि साडेतीन वर्षं कशी गेली कळलंच नाही. आता टोरंटोला परतायचंय, पण विमानतळावर अडवलं तर? घाबरण्याआधी नियम समजून घ्या.

पीआर टिकवण्यासाठी मागच्या ५ वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. ते सलग नसले तरी चालतात. पती किंवा पत्नी कॅनडाची नागरिक असेल, तर त्यांच्यासोबत परदेशात राहिलेले दिवसही धरले जातात.

कार्डाची मुदत संपली म्हणजे पीआर गेला असं नाही. मात्र विमानात बसायला वैध कार्ड लागतं. ते नसेल तर भारतातूनच पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करा.

दिवस कमी भरले तरी पीआर असेपर्यंत तुम्हाला देशात प्रवेशाचा हक्क आहे. अधिकारी तुमच्याविरुद्ध अहवाल लिहू शकतो, देश सोडण्याचा आदेशही निघू शकतो. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं आणि निकालापर्यंत पीआर कायम राहतो.

माणुसकीच्या कारणांचा आणि मुलांच्या हिताचाही विचार होतो. म्हणून आईचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची पत्रं, जुने पासपोर्ट हँडबॅगेत ठेवा. विचारलं तर खरं तेच सांगा. खोटं उघडं पडलं तर प्रकरण जास्त चिघळतं.

अहवाल न होता आत गेलात, तर कार्ड नूतनीकरणाची घाई नको. अर्ज केला की दिवस पुन्हा मोजले जातात. आधी ७३० दिवस भरू द्या.