घर आणि कर्ज (लेखांक ५) : भाडं खरंच वाया जातं का?

धुळ्यातल्या देवपुरात भाड्याचं घर बघायला गेलं की भाड्याची बोलणी नंतर होतात, आधी पाण्याची चौकशी होते. नळ किती दिवसांआड येतो, खाली टाकी केवढी, बोअर उन्हाळ्यात टिकतो का? मग घरमालक त्याचा प्रश्न काढतो : "नोकरी कुठं? बदलीची आहे का?" विकत घर घेणाऱ्यानं हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

"भाड्याचं घर, खाली कर" हे ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे नोकरी लागून वर्ष होत नाही तोच वाडीभोकर रोड, नकाणे रोडच्या बाजूला फ्लॅट बघणं सुरू होतं. भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे साठवण, असं घरातले सगळेच सांगतात. हे गणित एकदा कागदावर मांडू.

समजा, फ्लॅट ३० लाखांचा आहे आणि कर्ज २५ लाख, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता येतो सुमारे २१,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०० व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम चार हजार. पाच वर्षांत १३ लाख भरून झाले तरी बाकी २२ लाखांच्या वर उरते. याच काळात बदली झाली आणि घर विकावं लागलं, तर भरलेल्यातले दहा लाख व्याजाचेच होते हे तेव्हा कळतं. शिवाय महापालिका हद्दीत अधिभार धरून सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, म्हणजे आणखी दोन लाखांच्या वर, तेही बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. ती सोडू नका.

तसाच फ्लॅट आठ हजार भाड्यानं मिळतो असं धरा. भाडं आणि हप्ता यांत महिन्याला १३,७०० चा फरक पडतो. सगळी मेख या फरकात आहे. तो दर महिन्याला आरडीत किंवा पीपीएफमध्ये पडत असेल, तर भाडेकरू तोट्यात नाही. तो मोबाइलच्या हप्त्यात आणि लग्नसराईत विरत असेल, तर मात्र वडीलधारे म्हणतात तेच खरं ठरतं.

बँकेतल्या अधिकाऱ्याची बदली उद्या नागपूरला होऊ शकते. त्यानं भाड्यानंच राहावं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं तसं नाही. साक्रीहून शिंदखेड्याला बदली झाली तरी बहुतेक वेळा जिल्हा तोच राहतो, मुलांची शाळा देवपुरातच राहते. त्याला इथलं घर पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल. त्यानं जरूर घ्यावं, पण आधी डोक्यावरची लहान कर्जं उतरवून.

क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवली, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पन्नास हजार थकले तर महिन्याला पावणेदोन हजार नुसतं व्याज. 'किमान रक्कम' भरत राहिलं की मुद्दल जवळपास तिथंच राहते. म्हणून आधी कार्ड, मग हातउसने आणि पतसंस्थेचं कर्ज, आणि गृहकर्ज सगळ्यांत शेवटी. तेच सर्वांत स्वस्त असतं.

भाड्यानं राहणाऱ्यांनी करारनामा नोंदवून घ्यावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

गृहकर्ज घेतलेल्यांनी कर्जखात्याचा उतारा काढून उरलेली मुदत बघावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्या, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. वरच्या उदाहरणात वर्षाला एकच जादा हप्ता भरला, तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं.